पडद्यावरचं अपील: महासाथीत न्यायमूर्तींनी वकिलांना काय सांगितलं

२३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन जेमतेम दोन पानांचा आदेश काढला. सरन्यायाधीश शरद बोबडे, न्या. नागेश्वर राव आणि न्या. सूर्य कांत यांच्या पीठाने सांगितलं की १५ मार्चपासून पुढील आदेश होईपर्यंत दावे, अपिलं, अर्ज यांच्या मुदती वाढवल्या आहेत. कोर्टं बंद, एसट्या बंद, नक्कल विभागाला कुलूप. अशा वेळी या आदेशाने वकिलांच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरवलं. पण मुदत वाढली म्हणजे आता निवांत, असं धरून चाललेल्यांना सहा महिन्यांच्या आत वेगळंच ऐकायला मिळालं.

अपिलाचं काम करणाऱ्या, विशेषतः जिल्ह्यातून आणि तालुक्यातून उच्च न्यायालयात येणाऱ्या तरुण वकिलांसाठी हा लेख आहे. महासाथीच्या दोन वर्षांत न्यायमूर्तींनी आदेशांतून, परिपत्रकांतून आणि सुनावणीत बोलता बोलता वकिलांना बरंच काही सांगितलं. त्यातलं बहुतेक आजही लागू आहे, कारण पडद्यावरची सुनावणी आणि ई-फायलिंग महासाथीबरोबर गेलेलं नाही. माझं मत पहिल्यांदाच सांगतो. अपिलात नवा साक्षीदार क्वचितच येतो. जे काही आहे ते आधीच कागदावर आलेलं असतं. कोर्टरूममध्ये वकिलाचा आवाज, अंगावरचा गाऊन, मागे बसलेले चार ज्युनिअर यांच्या आड कच्ची तयारी थोडी लपून जाते. पडद्यावर ती लपत नाही.

मुदत मोजताना

२०२० च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सगुफा अहमद प्रकरणात निकाल दिला. कंपनी कायद्याखालचं अपील होतं. मूळ मुदत ४५ दिवसांची, ती २ फेब्रुवारी २०२० ला संपली होती. विलंब माफ करण्याची कमाल मर्यादा आणखी ४५ दिवसांची, म्हणजे १८ मार्चपर्यंत. अपील दाखल झालं २० जुलैला. अपिलार्थींचं म्हणणं, १५ मार्चनंतर सगळंच थांबलं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. वाढवली ती मुदत. विलंब माफ करण्याच्या अधिकाराची मर्यादा त्या आदेशाने वाढली नाही, असं स्पष्ट केलं. ज्याची मूळ मुदत लॉकडाउनच्या आधीच संपली होती, त्याला त्या आदेशाचा आधार मिळाला नाही.

यातून घ्यायचं ते असं. सवलतीचा आदेश आला की त्याची बातमी वाचून थांबू नका. आदेश स्वतः वाचा आणि तीन तारखा एका कागदावर लिहा: मूळ मुदत कधी सुरू झाली, कधी संपते, आणि विलंब माफ होण्याची शेवटची तारीख कायद्याने ठरवली आहे का. दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध उच्च न्यायालयात ९० दिवस, जिल्हा न्यायालयात ३० दिवस. फौजदारी शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात ६० दिवस, फाशीची शिक्षा असेल तर ३०. व्यापारी न्यायालयांच्या कायद्याखाली ६० दिवस. आकडे सगळ्यांना पाठ असतात. घोटाळा होतो तो पुढच्या हिशेबात.

महासाथीचा हिशेब तर वारंवार बदलला. ८ मार्च २०२१ चा आदेश, दुसऱ्या लाटेत २७ एप्रिलला परत आलेली सवलत, २३ सप्टेंबरचा आदेश, आणि शेवटी १० जानेवारी २०२२ चा. त्यानुसार १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ वगळायचा, आणि या काळात मुदत संपलेल्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस. शिल्लक मुदत ९० दिवसांहून जास्त असेल तर ती जास्तीची. आजही त्या काळातल्या निकालांवरच्या अपिलांत मुदतीचा वाद निघतो. अशा वेळी नुसतं ‘कोविडमुळे’ असं लिहू नका. कोणत्या तारखेच्या आदेशाचा आधार घेता ते लिहा आणि दिवसांचा तक्ता जोडा.

नकलेचं तर वेगळंच सांगायला हवं. मुदतीच्या कायद्याच्या कलम १२ नुसार नक्कल मिळायला लागलेला वेळ वगळला जातो, पण तो अर्ज केल्यापासून. निकाल लागल्यावर पक्षकार ‘विचार करून सांगतो’ म्हणून गावी जातो, ते दिवस तुमच्या खात्यावर पडतात. पक्षकार अपील करो न करो, नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाका. आणि सरकारी खात्यांचं काम पाहणाऱ्यांनी १९ मार्च २०२१ चा बोर्से ब्रदर्स निकाल जरूर वाचावा. महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाच्याच त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लवाद आणि व्यापारी वादांच्या अपिलांत विलंब माफ झालाच तर थोडा आणि अपवाद म्हणून. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, हे कारण तिथे चालत नाही.

पान १८२ म्हणजे पान १८२

दूरदृश्य सुनावणीचा आपल्याकडचा पाया मुंबईच्याच एका खटल्याने घातला. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या २००३ च्या निकालात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने नोंदवता येईल, असं ठरलं. ६ एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने महासाथीसाठी जे निर्देश दिले त्यात मात्र पावलं जपून टाकली: दोन्ही पक्षांच्या संमतीशिवाय पुरावा पडद्यावर नोंदवायचा नाही, ही सोय मुख्यतः युक्तिवाद ऐकण्यासाठी, मग तो मूळ खटल्याचा असो वा अपिलाचा. त्याच वर्षी सप्टेंबरात संसदेच्या स्थायी समितीनेही अपिलं आणि अंतिम सुनावण्या या पद्धतीला योग्य असल्याचं नमूद केलं. साक्षीदाराच्या चेहऱ्याकडे पाहायचं नसतं, तिथे पडदा पुरतो.

पण पडदा पुरण्यासाठी कागद नीट असावा लागतो, आणि आपल्या पेपरबुकांचं खरं दुखणं इथेच आहे.

न्यायमूर्ती आपल्या चेंबरमध्ये किंवा घरी बसले आहेत. समोर तुमची पीडीएफ. तुम्ही म्हणता, पान १८२. ते चौकटीत १८२ टाइप करतात आणि उघडतं भलतंच पान, कारण मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, सिनॉप्सिस आणि वकालतनामा मिळून पुढची चौदा पानं क्रमांकाशिवाय जोडलेली आहेत. पीडीएफच्या हिशेबाने तुमचं १८२ हे १९६ आहे. तुम्ही ‘माय लॉर्ड, खाली उजव्या कोपऱ्यातला आकडा’ म्हणता. विरुद्ध बाजूचे वकील त्यांच्या प्रतीतलं तिसरंच पान वाचू लागतात. दोन मिनिटं गेली, आणि न्यायमूर्तींच्या डोक्यात लागलेला तुमच्या मुद्द्याचा धागा तुटला. प्रत्यक्ष कोर्टात शिरस्तेदार पान काढून देतात. पडद्यावर ते कुणी करत नाही.

उपाय अवघड नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच सलग क्रमांक द्या, म्हणजे छापलेला आकडा आणि पीडीएफचा आकडा जुळेल. स्कॅन केलेल्या पानांवर ओसीआर चालवा, म्हणजे शब्द शोधता येईल. वादपत्र, कैफियत, मुद्दे, प्रत्येक साक्षीदाराची सरतपासणी आणि उलटतपास, महत्त्वाच्या निशाण्या आणि निकाल यांना बुकमार्क लावा. बुकमार्कवर ‘अनेक्शर सी’ असं न लिहिता ‘निशाणी ४७, मृत्युपत्र’ असं लिहा. आडवी स्कॅन झालेली सातबाराची पानं सरळ करा. मोबाइलवर काढलेला, कडेला अंगठा दिसणारा फोटो जोडू नका. तलाठ्याकडून प्रत घेऊन पुन्हा स्कॅन करा. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल महासाथीच्या कितीतरी आधीपासून कागदाविना काम चालवत होते, आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांनी झूमवर सुनावण्या घेतल्या तेव्हा ज्यांची कंपायलेशन्स अशी तयार होती त्यांचं काम झटपट झालं.

मराठीतल्या साक्षीपुराव्याचं इंग्रजी भाषांतर जोडता तेव्हा मूळ पान आणि भाषांतर लागोपाठ लावा. भाषांतरावर वाद निघाला तर दोन्ही एकाच जागी सापडतात. आणि ते भाषांतर तुम्ही स्वतः मुळाशी ताडून पाहा; हे काम टायपिस्टवर सोडण्यासारखं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने महासाथीच्या तोंडावर, ५ मार्च २०२० च्या परिपत्रकाने, ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, १४ आकाराचा टाइप आणि दीडपट अंतर ठरवून दिलं. पडद्यावर वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तेच सोयीचं पडतं. जुन्या लीगल कागदाची दाटीवाटीची छपाई स्कॅन करून पाठवणं आता तरी थांबवायला हवं.

पहिली दोन मिनिटं

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ मे २०२० पासून फोनवर युक्तिवाद ऐकले. प्रत्येक वकिलाला सुरुवातीला दोन मिनिटं कुणी मध्ये बोलत नसे. मग न्यायमूर्ती ज्येष्ठतेनुसार एकामागून एक प्रश्न विचारत. वर्षानुवर्षं सुनावणीत जवळजवळ गप्प असणारे न्या. क्लॅरेन्स थॉमस या पद्धतीत नियमित प्रश्न विचारू लागले. तिथल्या वकिलांना त्या दोन मिनिटांत आपलं अपील मांडायला शिकावं लागलं. आपल्याकडे असा नियम नाही, पण बोर्डावर साठ-सत्तर मॅटर्स असताना तुम्हाला शांतपणे ऐकलं जाणारा वेळ याहून फार मोठा नसतो.

समजा, वाटणीच्या दाव्यातलं पहिलं अपील आहे आणि वाद मृत्युपत्राचा आहे. ‘मूळ पुरुष अमुक, त्यांना तीन मुलगे, पैकी थोरले निपुत्रिक’ अशी सुरुवात केलीत तर वंशावळ संपेपर्यंत न्यायमूर्ती पुढची फाइल उघडतात. त्याऐवजी असं म्हणा: ‘मुद्दा एकच आहे. मृत्युपत्र निशाणी ४७, पान १८२. साक्षांकन करणारा साक्षीदार उलटतपासात, पान २१४, परिच्छेद ९ मध्ये सांगतो की मयतांनी सही केली तेव्हा तो खोलीबाहेर होता. दुसरा साक्षीदार तपासलेलाच नाही. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६३ ची पूर्तता झालेली नाही. खालच्या न्यायालयाच्या निकालात परिच्छेद ९ चा उल्लेखही नाही.’

एवढं बोलून थांबा. प्रश्न येणारच: सही आपलीच असल्याचं मयतांनी नंतर त्या साक्षीदाराला सांगितलं होतं का? कलम ६३ मध्ये तशी कबुलीही चालते. त्या उत्तराचंही पान तुमच्या तोंडावर हवं, मग ते तुमच्या विरुद्ध जात असलं तरी. विरुद्ध जाणारं पान आपण आधी दाखवलं की न्यायमूर्ती पुढचं आपलं म्हणणं विश्वासाने ऐकतात. ते पान दुसऱ्या बाजूने उघडलं तर तो विश्वास त्या दिवशी तरी परत येत नाही.

दुसऱ्या अपिलात तर कायद्याचा सारभूत प्रश्न एका वाक्यात लिहिता आला पाहिजे. आठ प्रश्न लिहून आणणाऱ्याकडे बहुधा एकही नसतो. लेखी टिपण चार-पाच पानांत संपवा. आदल्या दिवशी दुसऱ्या बाजूला द्या. निवाडे तीन पुरेत, आणि त्यांतल्या ज्या परिच्छेदावर भर आहे त्याचा क्रमांक टिपणात हवा.

पडद्यावर बोलताना आवाज क्षणभर उशिरा पोचतो. म्हणून न्यायमूर्तींचे ओठ हलले की लगेच थांबा. त्यांनी मान डोलावली की नाही हे छोट्या चौकटीत कळत नाही, तेव्हा मुद्दा संपल्यावर ‘पुढे जाऊ का?’ असं विचारायला संकोच करू नका. वेग नेहमीपेक्षा कमी ठेवा. पक्षकाराशी किंवा ज्युनिअरशी बोलायला दुसरा फोन हाताशी असू द्या, आवाज बंद करून. स्क्रीनवरच्या नावात आधी बोर्डावरचा अनुक्रमांक, मग नाव आणि कुणातर्फे ते लिहा.

६ एप्रिलच्या त्या आदेशातली एक ओळ फार थोड्यांच्या लक्षात आहे. आवाज किंवा चित्र नीट नसल्याची तक्रार सुनावणी चालू असताना किंवा संपल्याबरोबर मदत क्रमांकावर करायची. नंतर ती ऐकली जाणार नाही. म्हणजे ‘त्या दिवशी मला ऐकूच आलं नाही’ हे पुनर्विचार अर्जात लिहून भागत नाही. ऐकू येत नसेल तर त्याच क्षणी सांगा आणि सुनावणीच्या नोंदीत येऊ द्या.

कपड्यांबद्दल लिहायची वेळ यावी हे बरं नाही, पण जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक वकील टी-शर्टमध्ये, पलंगावर आडवे होऊन हजर झाले आणि न्या. रवींद्र भट यांना किमान शिष्टाचाराची आठवण करून द्यावी लागली. गाऊन आणि कोटाची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०२० ला पडद्यापुरती काढली होती. पांढरा पोशाख आणि बँड मात्र ठेवले होते. घर हे त्या वेळेपुरतं कोर्ट आहे, आणि परवानगीशिवाय तिथलं रेकॉर्डिंग करायचं नाही.

नोटीस, आणि तुरुंगातला अपिलार्थी

व्हॉट्सॲपवरच्या नोटिशीला मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच, एका दरखास्तीत, निळ्या खुणांच्या आधारे मान्यता दिली होती. १० जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तशी बजावणी करताना त्याच दिवशी ईमेलनेही कागद पाठवण्याची अट घातली. स्थगिती मागायची असेल तर हे दोन्ही करून शपथपत्रासोबत स्क्रीनशॉट लावा. अपील दाखल झालं म्हणजे हुकूमनामा आपोआप थांबत नाही, हे पक्षकाराला स्पष्ट सांगा. महासाथीत मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश आणि घरं रिकामी करण्यापासूनचं संरक्षण वेळोवेळी वाढवलं. त्यावर विसंबून दरखास्तीकडे दुर्लक्ष करणं धोक्याचं होतं.

फौजदारी अपिलांबद्दल मला जास्त कळकळ आहे. त्या काळात तुरुंगात भेटी बंद झाल्या, वकालतनाम्यावर सही मिळेना. तुरुंगाधिकाऱ्यामार्फत अपील पाठवण्याची जुनी तरतूद, तेव्हाचं कलम ३८३ आणि आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४२४, अशा वेळी वापरायची असते. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनी तुरुंगाला ईमेल करून कैद्याची मूळ मुदत आणि निकालाची प्रत विचारून घ्यावी. कैद्याच्या नातेवाइकांनी आपल्याला शोधत येण्याची वाट पाहू नये. ८ मे २०२० ला महाराष्ट्राने पॅरोलच्या नियमांत तातडीची सुट्टी आणली, पण सात वर्षांहून जास्त शिक्षा असलेल्याला आधीच्या दोन सुट्यांनंतर वेळेत परतल्याची अट होती. ज्यांना ती पुरी करता येत नव्हती त्यांच्यासाठी अपिलातच शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागणं हा रस्ता होता. तो अर्ज लिहिताना आजाराचं सर्वसाधारण वर्णन नको. शिक्षेचा भोगलेला काळ, अपील बोर्डावर येण्याची शक्यता आणि पुराव्यातली एखादी ठळक उणीव, एवढंच लिहा.

एस. कासी प्रकरणात १९ जून २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुदतवाढीचा आदेश पोलिसांना आरोपपत्र उशिरा दाखल करण्यासाठी वापरता येणार नाही. आरोपीचा जामिनाचा हक्क तसाच राहतो. सवलत कुणासाठी आहे हे प्रत्येक वेळी विचारून पाहायला या निकालाने शिकवलं.

आता एक मागणं बार असोसिएशनांकडे. ६ ऑक्टोबर २०२३ ला सर्वेश माथूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोणत्याही उच्च न्यायालयाने पडद्यावरच्या सुनावणीची सोय नाकारू नये, असे निर्देश दिले. पण ही सोय ज्याच्याकडे चांगलं नेट, स्कॅनर आणि बंद दाराची खोली आहे त्याच्याच उपयोगाची राहते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडात धडकलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीत कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाइलही लागत नव्हते. तिथल्या वकिलाने कुठून हजर व्हायचं? ३१ ऑक्टोबर २०२० ला नागपुरात ‘न्याय कौशल’ हे देशातलं पहिलं ई-संसाधन केंद्र सुरू झालं. कुठल्याही न्यायालयातलं ई-फायलिंग तिथून करता येतं. प्रत्येक तालुका बारने आपल्या इमारतीतली एक खोली अशीच द्यावी: दोन संगणक, एक स्कॅनर, इन्व्हर्टर आणि दार बंद करून बोलता येईल एवढी शांतता. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय तुम्हीच लिहून द्या.